मिशनीवरची पहिली चोळी

माझ्या सासऱ्यांना बाजारात मोकळं सोडण्यात अर्थ नव्हता. बैल बघायला गेले की कंदील घेऊन यायचे आणि मीठ आणायला धाडलं की आरसा. त्या वर्षी कापूस घालायला म्हणून जालन्याला गेले आणि परत आले ते गाडीत वाकळेत गुंडाळलेलं एक लाकडी खोकं घेऊन. ते खाली उतरवताना गड्यांना त्यांनी इतकं जपून, इतकं हळू म्हणून बजावलं की आत बाळंतीण बसली आहे की काय असं वाटावं. झाकण निघालं तेव्हा आत काळंभोर यंत्र, त्याच्यावर सोनेरी वेलबुट्टी, आणि उजव्या अंगाला फिरवायची मूठ. निजामाच्या राज्यात आमच्या तेलगावच्या बाजूला तोवर असलं काही कुणाच्या घरात आलेलं नव्हतं. धारूरच्या बाजारात एका शिंप्याकडं आहे आणि तो त्यावर शेरवान्या शिवतो, एवढं ऐकून होतो. पण बायकांच्या हाती हे यंत्र द्यायचं, हे गावाला नवीनच होतं.

"सूनबाईसाठी आणलीय मिशन," मामा म्हणाले. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे आणि सासूबाईंना आत्याबाई. "आता घरचं कापड घरात शिवायचं. शिंप्याच्या दारात जायची गरज न्हाई."

मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. अंगात काम करायची हौस कमी आणि तोरा जास्त. मी म्हटलं, "त्यात काय, शिकते की!" शिकवणार कोण, हा विचार मामांनी केला नव्हता आणि मीही केला नाही.

खोक्यात एक पुस्तक होतं. मामांना मोडी वाचता यायची, कचेरीच्या कामापुरती उर्दू यायची, पण पुस्तक निघालं इंग्रजी. त्यात चित्रं मात्र पुष्कळ होती. चित्रातली मडम घोळदार झगा घालून खुर्चीवर ताठ बसलेली, केस जागच्या जागी, चेहऱ्यावर हसू, आणि यंत्रातून कापड झुळझुळ बाहेर येतंय. मी पाटावर बसले, मामांचं जुनं धोतर घेतलं, चित्रात बघून दोरा ओवला आणि मूठ फिरवली. दोन टाके पडले आणि दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. मी मूठ उलटी फिरवत होते, हे कळायला मला संध्याकाळ झाली. ते कळल्यावर दोरा तुटायचा थांबला आणि धोतराच्या खालच्या अंगाला दोऱ्याचा हा एवढा गुंता व्हायला लागला. त्या मडमेचा मला असा राग आला की मी तिच्या तोंडावर भाकरीचं टोपलं ठेवून दिलं.

पण हट्ट सोडला नाही. कामं उरकली की दुपारी मी मिशनीपुढं. एका हातानं मूठ फिरवायची आणि दुसऱ्यानं कापड सरळ धरायचं, हे म्हणजे एका तोंडानं गाणं आणि भांडण दोन्ही करण्यासारखं होतं. पहिल्यांदा उशीची खोळ शिवली. शिवण अशी सरळ पडत गेली, अशी सरळ पडत गेली, की मला थांबावंसंच वाटेना आणि मी खोळ चारी बाजूंनी शिवून टाकली. उशी बाहेरच राहिली. मामांनी ती खोळ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली, "टीप बघा टीप! वढून बघा, तुटती का!" दुसऱ्या खेपेला आमच्या मालकांना बंडी शिवली. ती घालून ते शेतात गेले आणि येताना हातात घेऊन आले. टिपा सगळ्या उसवल्या होत्या. पण त्या दिवसापासून मी शिवायला बसले की एखादं निमित्त काढून यायचे आणि माझ्यासाठी मूठ फिरवायचे. घरात मोठ्यांसमोर नवराबायकोनं बोलायची रीत नव्हती, पण यंत्राच्या खडखडाटात कोण काय बोललं हे कुणाला ऐकू जातंय! म्हणून त्या उन्हाळ्यात मी गरजेपेक्षा जास्तच शिवलं.

आत्याबाईंना मात्र ते यंत्र डोळ्यांसमोर नको असे. त्यांचा स्वतःचा हात सुईवर असा बसलेला होता की त्यांच्या वाकळेवरचे टाके बघायला दुसऱ्या आळीच्या बाया यायच्या. त्यांच्या चोळ्या त्यांनी जन्मभर स्वतःच शिवल्या. मामा मिशनीचं कौतुक करायला लागले की त्या भांडी आदळायच्या.

"ह्या लोखंडाला शिवाया लावायचं," त्या म्हणायच्या, "मंजी बाईच्या हातानं काय निस्त्या भाकरी थापायच्या?"

आषाढातली गोष्ट. शेजारच्या काकू मिशन बघायला म्हणून आल्या होत्या. काकू म्हणजे गावाचं वर्तमानपत्र, त्यांच्या कानावर पडलं की वेशीपर्यंत पोचलंच. मी ऐटीत एक फडकं शिवून दाखवलं. काकू म्हणाल्या, "झ्याक!" तशा आत्याबाई जात्यावरून म्हणाल्या, "फडकं कुनीबी शिवंल. चोळी शिवून दावा म्हणावं. चोळी अंगावर बसाया पायजे, फडक्याला कुटं अंग असतंय?"

त्यांचं खरं होतं. पण खरं ऐकून घेईल ती मी कसली! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, "दाविते की! तुमाचीच चोळी शिवून दाविते, आत्याबाई. पंचमीच्या आत. अन् पंचमीला माहेरी जाते."

जातं थांबलं. आत्याबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. अंगावर बसली तर जा. न्हाई बसली तर पंचमी हितंच."

आता हे इतकं मोठं कशासाठी, ते सांगायला हवं. आमच्याकडं लग्नानंतरची पहिली नागपंचमी माहेरची. ती कुणी चुकवत नाही. भाऊ मुराळी होऊन येतो, बहिणीला गाडीत घालून नेतो, मग झोके, फेर, मैत्रिणी, आणि आईच्या हातचं खाणं. माझी पहिली पंचमी मात्र चुकली होती. आदल्या श्रावणात ओढ्याला पाणी आलं आणि दादा पलीकडच्या काठावरून हात हलवून परत गेला. त्याला लांबून बघितलं तेवढंच. माझं माहेर धारूरच्या डोंगरावर, किल्ल्याच्या अंगाला. वर्ष झालं होतं, आईला बघितलं नव्हतं. रोज सकाळी त्या डोंगराची निळी कड दिसायची आणि हातातलं काम टाकून मी तिच्याकडंच बघत राहायचे. आणि मी काय केलं, तर जे सरळ मिळणार होतं ते पैजेवर लावून बसले. काकूंनी ते संध्याकाळपर्यंत गावभर केलंच. आता माझ्यानंही मागं घेववेना आणि आत्याबाईंच्यानंही.

आत्याबाईंनी त्यांचा एक चांगला काठाचा खण आणि मापाला एक जुनी चोळी माझ्यापुढं ठेवली. मी आधी मांजरपाटाची एक चोळी शिवून बघितली, स्वतःसाठी, अंदाजानंच ढगळ कापून. काखेत घालायचा तिकोनी तुकडा मी दोनदा उलटा लावला, एकदा पाठीला बाही लावली, पण शेवटी चोळीसारखं काहीतरी झालं. माझा धीर वाढला. पंचमीला अजून पुष्कळ अवकाश होता.

मिशनीबरोबर तेलाची एक लहानशी बाटली आलेली होती, ती याच सुमाराला संपली. मिशन कुरकुरायला लागली. मामा म्हणाले, "हात्तिच्या! घरात घाण्यावरचं ताजं करडीचं तेल असताना विकतच्या बाटलीची फिकीर कावून करायची?" आमच्या मुलखात करडीच्या तेलापलीकडं तेल नाही. तेच भाजीत, तेच दिव्यात, तेच डोक्याला आणि तेच बाळाला. मग मिशनीलाच का नको? दुसऱ्या दिवसापासून मामा पूजा आटोपली की पळी भरून तेल घेऊन यायचे आणि शनिवारी मारुतीला वाहावं तसं ते मिशनीवर वाहायचे. वरून, खालून, भोकाभोकांतून. मिशन अशी सुळसुळ चालायला लागली की मामा म्हणाले, "बघा, तिला बी घरचंच गोड लागतंय!" आम्हा सगळ्यांना फार अभिमान वाटला.

मग खुरपणी आली. घरातल्या सगळ्या बाया शेतावर. काही दिवस खोक्याचं झाकण कुणी उघडलंच नाही. पंचमी तोंडावर आली तेव्हा मी खण कापला, जुनी चोळी वर ठेवून कडेकडेनं, श्वास धरून. तुकडे मांडले, झाकण काढलं, मूठ धरली आणि फिरवली.

मूठ फिरेना. जोर लावला, फिरेना. मालक आले, त्यांनी जोर लावला, मूठ जागची हलली नाही. मामा धावत आले आणि त्यांनी काय करावं? आणखी तेल ओतलं. काकूंनी मीठमोहऱ्या आणून मिशनीची दृष्ट काढली आणि जाता जाता म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं, तसं न्हाई ना काई?" मी त्यांना काहीतरी भयंकर बोलणार होते, पण त्याआधीच रडू आलं. न्हाणीघरात जाऊन बसले आणि ढसाढसा रडले. हातानं शिवायची सोय नव्हती, कारण पैज मिशनीवरची होती. दादा चतुर्थीला येणार. पंचमीच्या दिवशी आमच्याकडं चिरत नाहीत, कापत नाहीत, सुई कापडाला लावत नाहीत. म्हणजे चतुर्थीला जे होईल ते शेवटचं. आई वाट बघणार आणि गाडी रिकामी जाणार, तीही माझ्या जिभेपायी. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी चुलीपाशी बसले होते. आत्याबाई तेलाची बुधली घासत होत्या. तिच्या तोंडाला चिकट पिवळा थर बसला होता, तो निघता निघेना. घासता घासता त्या थांबल्या. उठल्या, हात पुसले, मिशनीपाशी गेल्या. आजवर तिला बोट न लावलेली बाई, तिनं मुठीच्या सांध्यावरनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि दोन बोटं चिकटवून सोडवून बघितली.

"करडीचं तेल वाळलं की डिंक हुतंय," त्या म्हणाल्या. "बुधलीच्या तोंडाचं ह्येच, तुज्या मिशनीच्या पोटात बी त्येच. घासलेट आण."

मी कंदिलाचं घासलेट आणलं. आत्याबाईंनी चिंध्या बुडवल्या, झाडूच्या काड्यांना कापूस गुंडाळला आणि पदर खोचून बसल्या. भोकाभोकांत घासलेट सोडायचं, थोडं थांबायचं, पुसायचं, मूठ इकडं-तिकडं करायची. पिवळा, चिकट गाळ निघत होता. मामा दारात उभे राहून अपराध्यासारखे बघत होते. "तुमी तितंच ऱ्हावा," आत्याबाईंनी त्यांना बजावलं. दिवस कलताना मूठ एकदम सैल झाली आणि गर्रकन फिरली. माझा जीव भांड्यात पडला.

मी विचारलं, "आत्याबाई, तुमाला तर मिशन नको हुती."

"नकोच हाय. अजून बी नकोच हाय," त्या म्हणाल्या. "पर यंत्र बंद पडलं म्हणून तू हरलीस, ह्ये काय हरणं झालं? हरायचं तर शिवून हर."

चतुर्थीला बहिणीनं भावासाठी धरायचा उपास. मी पोटात पाण्याचा घोट न घेता सकाळीच मिशनीपुढं बसले. एकेक तुकडा जोडत गेले. पाठ, मग बाह्या, मग काखेतले तुकडे, ते या खेपेला सुलटे. काठ दंडावर बरोबर आला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मूठ सोडून टाळी वाजवली. दुपारी बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. दादा! तो ओसरीवर बसला, मामांनी त्याला गूळपाणी दिलं, आणि तो दर थोड्या वेळानं विचारत होता, "मामा, निगायचं का? घाट चढायचाय." आतून मी ओरडत होते, "आले!" आणि पुढची टीप घालत होते.

शेवटची टीप पडली. दोरा दातानं तोडला आणि चोळी आत्याबाईंच्या हातात दिली. त्या माजघरात गेल्या. काकू तोवर आल्या होत्याच, असल्या वेळी त्यांना बोलवावं लागत नसे. आत बराच वेळ लागला. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नवस बोलले, एकमेकांना विरोध करणारेसुद्धा.

आत्याबाई बाहेर आल्या. चोळी अंगात होती. गाठ बांधलेली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून त्या ताठ उभ्या राहिल्या, अगदी पुस्तकातल्या मडमेइतक्या ताठ.

"बसली," त्या म्हणाल्या.

"हात वर करून दावा की," काकू म्हणाल्या.

"माज्या हाताला काय धाड भरलीय? हात कावून वर करू, झाडावर चढायचंय मला?" आत्याबाई कडाडल्या. "पावणा घाट चढून जायाचाय, त्येच्या बैलाला पाणी दावा तुमी आदी. जा!" काकू गेल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "झ्याक बसलीय. बोचकं बांद आपलं."

मी उडीच मारली. अंगात वारं शिरल्यागत झालं होतं, कुणाकडं नीट बघायला फुरसत नव्हती. लुगडं, एक चोळी, आईला दाखवायला ती चारी बाजूंनी शिवलेली खोळ, सगळं बोचक्यात कोंबलं. मामांच्या पाया पडले. आत्याबाईंच्या पाया पडले आणि उठून कुंकवासाठी कपाळ पुढं केलं. मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. त्या कुंकवाचं बोट धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वाक की जरा. सासूफुडं वाकाया येत न्हाई का?" मला वाटलं, एवढं झालं तरी तोरा काही जात नाही बाईचा. वाकले. त्यांनी कोपर अंगाशी धरून कुंकू लावलं आणि मी गाडीत जाऊन बसले.

गाडी हलली. वळणाच्या आधी मी मागं बघितलं. आत्याबाई ओसरीच्या पायरीवर उभ्या होत्या. निरोप द्यायला त्यांनी हात उचलला, तो कोपरापर्यंत आला आणि तिथंच थांबला. दंड अंगाला आवळलेला, आणि खाली नुसता पंजा हलत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हाताची टीप अगदी कडेनं जाते, मिशनीची टीप कडेपासून चांगली आत पडते. मी जुन्या चोळीवरून कापताना हाताच्या टीपेपुरतंच कापड सोडलं होतं. प्रत्येक जोडावर मिशननं थोडं थोडं कापड खाल्लं होतं आणि चोळीला जोड किती! जन्मभर चोळ्या शिवलेली बाई ती. हातात घेताक्षणीच तिला कळलं असणार. तरी माजघरात जाऊन तिनं ती अंगावर ओढली, श्वास कोंडून गाठ मारली, आणि चारचौघींत जिंकलेली पैज माझ्या पदरात टाकून दिली.

मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. वर्षभर ज्या बाईला मी मनातून नावं ठेवली, तिच्यावर माझा त्या क्षणी आईइतका जीव जडला आणि आईकडं निघालेल्या गाडीत बसून मला तिच्याकडं पळत जावंसं वाटलं.

दादा वळून बघत राहिला. "आगं येडे, माहेरी निगालीस का सासरी? रडतीस कावून? गाडी माघारी फिरवू का?"

"फिरवू नको," मी नाक पुसत म्हटलं. "बैल पळव, दादा. आपण दिसायचं बंद हुईस्तवर त्या तितंच हुब्या ऱ्हातील. अन् ती चोळी लई आवळ हाय."

दादाला काही कळलं नाही, पण त्यानं बैल पळवले.